मिर्बेट्रिक नाशकात मिळत नाही, मिराबेग्रॉन मिळतं

वाचकाचं पत्र

नमस्कार. माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. धाकट्या दिरांकडे न्यू जर्सीला सात महिने राहून गेल्या महिन्यात परत आल्या. त्यांना लघवीची एकदम घाई लागायची, बाथरूमपर्यंत पोचेपर्यंत कपडे ओले व्हायचे, रात्री चार-चारदा उठायच्या. तिथल्या डॉक्टरांनी ‘मिर्बेट्रिक’ सुरू केलं, आधी २५ आणि दीड महिन्याने ५०. चांगला फरक पडला, आता रात्री दोनदाच उठतात. बरोबर आणलेल्यांपैकी १८ गोळ्या उरल्यात. पहिला केमिस्ट म्हणाला, हे औषध इंडियात येतच नाही. दुसऱ्याने मिराबेग्रॉन ५० ची पट्टी दाखवली, दहा गोळ्या ३४० रुपये. तिसऱ्याने मिराबेग्रॉन आणि सॉलिफेनॅसिन अशी दोन नावं असलेली पट्टी दिली, म्हणे तेच आहे, उलट जास्त पॉवरफुल. दीर म्हणतात इंडियातलं जेनेरिक डुप्लिकेट असतं, मी इथून कुरिअर करतो. तिकडे तीस गोळ्यांना साडेचारशे डॉलर पडतात. या गोंधळात गोळ्या पुरवून वापरायच्या म्हणून आई चार दिवसांपासून अर्धी अर्धी करून घेताहेत. बीपीसाठी त्यांना इथल्या डॉक्टरांचं मेटोप्रोलॉल जुनंच चालू आहे. आम्ही काय करावं?
— एक सून, नाशिक रोड

उत्तर

ताई, आधी अर्ध्या गोळ्या बंद करा, आज रात्रीपासूनच. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

सासूबाईंच्या बाटलीतली एक गोळी हातात घेऊन बघा. पिवळी, लांबट, आणि एका बाजूला ३५५ असा आकडा दाबून उमटवलेला. तो ५० मिलीग्रॅमचा. २५ ची असती तर तपकिरी रंगाची आणि ३२५ आकड्याची असती. या गोळीच्या मध्यभागी चीर नाही हे बघा. मोडायची गोळी असली की कंपनी चीर पाडून देते. इथे ती मुद्दाम दिलेली नाही. ही पॅरासिटामॉलसारखी पोटात जाऊन विरघळणारी साधी गोळी नव्हे. पाणी लागलं की ती सब्जासारखी फुगते, भोवती बुळबुळीत थर धरते, आणि त्या थरातून औषध तासन्‌तास हळूहळू झिरपतं. सुरीने दोन तुकडे केले की आतला कोरडा भाग उघडा पडतो आणि औषध सुटण्याचा तो वेग बिघडतो. सुरुवातीला जास्त सुटतं, नंतर हात आखडतो. म्हणून ५० ची अर्धी म्हणजे २५ हा हिशेब इथे लागू पडत नाही. चावून, कुटून, पाण्यात कालवून देणंही तितकंच चूक. गिळायला त्रास होत असेल तर तसं डॉक्टरांना सांगा, घरात खलबत्ता काढू नका. बाटलीत मोडलेले तुकडे उरले असतील तर टाकून द्या.

गोळ्या संपल्या तर काय होईल, या धास्तीनेच त्यांनी सुरी हातात घेतली असणार. धोक्याचं काही होत नाही. हे औषध थांबलं म्हणून अंगावर काही उलटत नाही. शरीरातून ते निम्मं व्हायला साधारण ५० तास लागतात, त्यामुळे परिणामही दोन-चार दिवसांत ओसरत जातो आणि जुनी घाई परत येते. त्रास खराच, पण जिवावरचा नाही. आणि १८ दिवस हातात आहेत, ते पुष्कळ झाले.

आता नावाचा घोळ. मिर्बेट्रिक हे औषधाचं नाव नाही, ती अमेरिकेतली पाटी आहे. औषध म्हणजे मिराबेग्रॉन. ते जपानच्या अ‍ॅस्टेलास कंपनीचं. जपानमध्ये २०११ साली बेटॅनिस या नावाने आलं, अमेरिकेत जून २०१२ मध्ये मिर्बेट्रिक म्हणून मंजूर झालं, युरोपात तेच बेटमिगा या नावाने विकलं जातं. तीन पाट्या, आत माल एकच. पहिल्या केमिस्टने संगणकावर मिर्बेट्रिक टाइप केलं, काही आलं नाही, म्हणून ‘इंडियात येत नाही’ असं सांगून मोकळा झाला. त्याने बाटलीवरच्या लेबलची दुसरी ओळ वाचली असती तर तिथे मिराबेग्रॉन लिहिलेलं सापडलं असतं. आपल्याकडे हे औषध बऱ्याच कंपन्या आपापल्या नावांनी विकतात, २५ आणि ५० अशा दोन्ही ताकदींत. ‘जेनेरिक कधी येणार’ हा प्रश्न अमेरिकेतला होता. नाशकात तो नाही. इथे प्रश्न एवढाच की समोरच्या ढिगातून कोणती पट्टी उचलायची.

अमेरिकेत मात्र लोकांनी बारा वर्षं वाट बघितली. औषध जुनं होत गेलं तरी गोळीतून ते किती वेगाने सुटावं यावरची पेटंटं उरली होती. ती सब्जाची गोष्टच, पण वकिलांच्या भाषेत. त्यावर तिथल्या कोर्टांत भांडणं चालली. ती पुरती मिटायच्या आत, एप्रिल २०२४ मध्ये, दोन कंपन्यांनी मिराबेग्रॉनचं जेनेरिक अमेरिकेच्या बाजारात उतरवलं. त्या दोन कंपन्या कोणत्या, हे तुमच्या दिरांना जरूर सांगा: एक ल्युपिन, मुख्यालय मुंबई, दुसरी झायडस, मुख्यालय अहमदाबाद. म्हणजे न्यू जर्सीच्या फार्मसीत त्यांनी ‘जेनेरिक द्या’ म्हटलं तर काउंटरवरून आपल्याच देशातल्या कंपनीची गोळी मिळण्याची चांगली शक्यता आहे. त्यांनी विम्याच्या यादीत तेही एकदा तपासावं.

पण दिरांची शंका पूर्ण झटकून टाकण्यासारखी नाही. ‘डुप्लिकेट’ आणि ‘जेनेरिक’ हे दोन वेगळे शब्द आहेत, आपण ते एकाच पिशवीत भरतो. डुप्लिकेट म्हणजे नकली, गुन्हा. जेनेरिक म्हणजे पेटंट संपल्यावर किंवा नसताना दुसऱ्या कंपनीने परवाना घेऊन बनवलेलं तेच औषध. पण परवाना असलेल्या कंपनीचीही एखादी बॅच कमअस्सल निघू शकते. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला अशा नापास बॅचची यादी जाहीर करते, कंपनीचं नाव आणि बॅच नंबरसकट. संथपणे सुटणाऱ्या गोळ्यांमध्ये नापास होण्याची एक जागा ठरलेली असते: गोळीत औषध पुरेसं असतं, पण ते ठरल्या वेगाने सुटत नाही. ग्राहकाला हे डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून जे दिसतं ते नीट बघायचं, कसं ते खाली सांगतो.

एक गैरसमज इथेच निपटू. ‘जेनेरिकमध्ये वीस टक्के औषध कमी चालतं’ असं बरेच लोक छातीठोकपणे सांगतात, सुशिक्षितही. गोळीत ५० मिलीग्रॅम म्हणजे ५० मिलीग्रॅमच लागतं, तिथे वीस टक्क्यांची सूट कोणी देत नाही. ८० ते १२५ टक्के हा जो आकडा फिरतो तो रक्तात पोचणाऱ्या औषधाच्या तुलनेचा आहे. निरोगी माणसांना मूळ गोळी आणि जेनेरिक गोळी देऊन दोन्हींची रक्तातली पातळी मोजतात. या तुलनेची नुसती सरासरी नव्हे, तर सरासरीच्या दोन्ही बाजूंचा सगळा अनिश्चिततेचा पट्टा ८० आणि १२५ च्या आत बसावा लागतो. सरासरीच एका काठाला गेली तर पट्टा बाहेर सांडतो आणि गोळी नापास होते. त्यामुळे पास झालेल्या गोळीचा प्रत्यक्ष फरक बहुधा थोडकाच असतो. शिवाय मिराबेग्रॉन हे थायरॉइडच्या किंवा फिटच्या गोळीसारखं काट्यावर तोलायचं औषध नाही, की पातळी जरा हलली आणि घोटाळा झाला.

आता त्या दोन पट्ट्या. दुसऱ्या केमिस्टने दाखवलेली मिराबेग्रॉन ५० ची पट्टी हीच तुमची. पट्टीवर ब्रँडचं नाव काहीही असो, ते सोडून द्या आणि रासायनिक नाव वाचा. २०१८ पासून नियम असा आहे की एकाच औषधाच्या गोळीवर रासायनिक नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या आणि ठळक अक्षरांत छापायचं. तिथे ‘मिराबेग्रॉन’ हवं, त्याला जोडून ‘प्रोलाँग्ड रिलीज’ किंवा ‘एक्स्टेंडेड रिलीज’ हवं, आणि ५० मिलीग्रॅम हवं. प्रोलाँग्ड आणि एक्स्टेंडेड यांत भांडण नाही, एकाच गोष्टीची युरोपी आणि अमेरिकी नावं आहेत. पण दोन्हींपैकी काहीच छापलेलं नसेल तर पट्टी परत करा. गोळी पिवळी नसेल, गोल असेल, त्याने बिघडत नाही. रंग आणि आकार ज्या त्या कंपनीचा.

तिसऱ्या केमिस्टची पट्टी घेऊ नका. घेऊन ठेवली असेल तर परत करा, बिल दाखवून. ‘तेच आहे, जास्त पॉवरफुल’ हे वाक्य अर्धं खरं असल्यामुळे जास्त घातक आहे. त्या गोळीत मिराबेग्रॉन आहेच, पण बरोबर ५ मिलीग्रॅम सॉलिफेनॅसिनही आहे, आणि ते वेगळ्याच जातीचं औषध आहे. मूत्राशय भरत असताना त्याचा स्नायू सैल राहावा म्हणून मिराबेग्रॉन काम करतं. सॉलिफेनॅसिन त्या स्नायूला आकुंचन पाव असं सांगणारा निरोपच अडवतं. तो निरोप शरीरात इतर ठिकाणीही चालतो, म्हणून तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, डोळ्यांपुढे धूसर दिसतं. वयस्कर माणसांत गोंधळल्यासारखं होणं, विसरणं हेही. काचबिंदूच्या एका प्रकारात, ज्यात डोळ्याचा कोन अरुंद असतो, हे औषध चालत नाही. आणि दोन्ही औषधं मिळून मूत्राशय इतकं सैल पडू शकतं की लघवी अडूनच राहते. हे मिश्रण बनावट किंवा वाईट नाही. अमेरिकेतही ही दोन औषधं एकत्र द्यायला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. पण ते एकट्या औषधाने भागत नाही अशा रुग्णासाठी असतं, आणि देण्याआधी लघवी झाल्यावर मूत्राशयात किती उरते हे सोनोग्राफीत बघायचं असतं. तुमच्या सासूबाईंना एका गोळीने गुण आलेला आहे. चारावरून दोनावर आलेल्या बाईला काउंटरवरच्या माणसाने दुसरं औषध जोडून द्यायचं काही कारण नाही. अशा जोडगोळ्यांच्या ब्रँडनावाला अनेकदा ‘एस’ किंवा ‘प्लस’ असं शेपूट असतं आणि बाकीचं नाव साध्या गोळीचंच असतं. पुढे कधी फोनवरून मागवलंत तर नेमकं हे शेपूट कानातून निसटतं. म्हणून पट्टी घरी आली की मागची बाजू वाचायचीच.

कायद्याने तर केमिस्टला एवढंही करता येत नाही. चिठ्ठीवर एक ब्रँड लिहिलेला असेल तर अनुसूची एच मधल्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांसाठी त्याच्याऐवजी दुसरा देऊ नये असं औषध नियमांत आहे, आतलं द्रव्य तेच असलं तरीही. प्रत्यक्षात काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर साधा उपाय म्हणजे चिठ्ठीवरच रासायनिक नाव लिहून घेणं. डॉक्टरांनी जेनेरिक नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं असं वैद्यकीय परिषदेचं २०१६ पासूनचं म्हणणं आहेच. न्यू जर्सीची चिठ्ठी इथे चालणार नाही, तेव्हा इथल्या डॉक्टरांकडे जावं लागणारच. त्यांना विनंती करा की ‘टॅब. मिराबेग्रॉन ५० एमजी, प्रोलाँग्ड रिलीज, रोज एक’ असं लिहा. या ओळीत केमिस्टला वळण घ्यायला जागा राहत नाही.

डॉक्टरांकडे जाण्याचं खरं कारण मात्र चिठ्ठी नव्हे, मेटोप्रोलॉल आहे. तुम्ही लिहिलंय की ते इथल्या डॉक्टरांचं, जुनंच. सात महिन्यांचा साठा इथूनच नेला असेल, तर तिकडच्या डॉक्टरांच्या यादीत ते होतं का? अमेरिकेला जाणारे आई-वडील बीपी-शुगरच्या गोळ्या बॅगेत भरून नेतात आणि तिकडच्या डॉक्टरला ‘बीपीची एक घेते’ एवढंच सांगतात, हे फार सर्रास होतं. मिराबेग्रॉन यकृतातल्या एका एन्झाइमला मंद करतं, आणि मेटोप्रोलॉल शरीरातून जातं ते त्याच वाटेने. वाट अरुंद झाली की मेटोप्रोलॉल रक्तात साचतं. गोळी तेवढीच, परिणाम जास्त. नाडी मंद होते, उठताना चक्कर येते, थकवा वाटतो. सासूबाईंना या महिन्यांत असं काही झालं होतं का, विचारा. वयामुळे होतं म्हणून त्यांनी सांगितलंच नसेल. घरच्या बीपी मशीनवर नाडीचा आकडाही येतो. आठवडाभर सकाळी बसून, पाच मिनिटं शांत राहून, दोन्ही आकडे लिहून ठेवा. नाडी सतत ५५ च्या खाली दिसत असेल किंवा चक्कर येत असेल तर भेटीच्या दिवसाची वाट बघू नका. याची दुसरी बाजूही आहे आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही: मिराबेग्रॉन थांबवलं की काही दिवसांत मेटोप्रोलॉलची पातळी खाली येते, आणि बीपी किंवा नाडी वर जाऊ शकते. म्हणून गोळ्या संपून आठवडाभर खंड पडला आणि बीपी वाढलेलं दिसलं, तर त्याचं बिल टेन्शनवर फाडण्याआधी हे आठवा.

मिराबेग्रॉन स्वतःही बीपी थोडं वाढवू शकतं. वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० च्या पुढे जात असेल आणि आटोक्यात नसेल तर ते द्यायचंच नसतं. डॉक्टर क्रिएटिनिनची तपासणी सांगतील, ती टाळू नका. मूत्रपिंडाचं काम फार उतरलेलं असेल, म्हणजे अहवालात ईजीएफआर १५ ते २९ च्या दरम्यान असेल, तर रोज २५ च्या वर जायचं नाही. यकृताचा मध्यम दोष असेल तरी हीच मर्यादा. साखरही बघून घ्या. रात्रीच्या उरलेल्या दोन खेपांपैकी एखादी साखरेची निघाली तर त्यावर ही गोळी काहीच करणार नाही.

आता १८ गोळ्यांचं नियोजन. चार दिवस अर्ध्या गोळ्यांमुळे गाडी रुळावरून उतरलीय, ती आधी रुळावर आणू. आजपासून आठ दिवस रोज एक अख्खी, एकाच वेळेला, पाण्याबरोबर. मोठ्या माणसांना जेवणाआधी की नंतर हा प्रश्न नाही, पण वेळ पाळा. एखादी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. आठ दिवसांत रक्तातली पातळी स्थिर होते. मग नववा, दहावा आणि अकरावा असे तीन दिवस लघवीची वही. काही मोठं नाही: स्वयंपाकघरातलं जुनं, आकडे असलेलं प्लॅस्टिकचं मोजपात्र बाथरूममध्ये ठेवायचं आणि प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहायच्या. किती वाजता, किती मिली, घाई होती का, आणि वाटेत कपडे ओले झाले का. झोपेतून उठून गेलेल्या खेपांपुढे चांदणी. पाणी आणि चहा किती झाला तेही अंदाजाने. सासूबाईंना लिहायचा कंटाळा येत असेल तर दाराला कॅलेंडरचं पान आणि पेन्सिल टांगा, रेघा मारल्या तरी पुरे.

या अकरा दिवसांत डॉक्टरांची भेट उरका आणि नवी पट्टी आणून ठेवा. बाराव्या दिवशी नवीन सुरू. जुनी आज, नवी उद्या. मध्ये खंड नको, दोन्ही एकाच दिवशीही नकोत. जुन्या सात गोळ्या शिल्लक राहतील त्या जपून ठेवा, बाटलीवरची मुदत बघून. नवीन गोळीवर दोन आठवडे काढा आणि पुन्हा तीन दिवस तीच वही भरा. दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघा. दिवसाच्या एखाद-दोन खेपा इकडेतिकडे होणं काहीच नाही. थंडी पडली किंवा पाहुण्यांबरोबर जास्तीचा चहा झाला की तेवढं होतंच. आणि या औषधाकडून अपेक्षा किती ठेवायची तेही माहीत असू द्या. मंजुरीच्या वेळच्या चाचण्यांमध्ये ५० मिलीग्रॅमने दिवसाच्या खेपा सरासरी पावणेदोनच्या आसपास कमी झाल्या, आणि औषध नसलेल्या नुसत्या गोळीनेही सव्वाच्या आसपास. म्हणजे मनाचा भाग मोठा आहे. ‘हे स्वस्तातलं आहे, लागू पडणार नाही’ असं घरात रोज बोललं गेलं तर खरंच लागू पडणार नाही. सासूबाईंच्या देखत दिरांचा फोन स्पीकरवर ठेवू नका.

गळती पुन्हा रोजची झाली किंवा रात्रीच्या खेपा चारावर गेल्या, तर त्या सात गोळ्या उपयोगी पडतात. आधी मात्र लघवीची साधी तपासणी करा, कारण जंतुसंसर्ग झाला तरी चित्र हेच दिसतं: घाई, जळजळ, वास. संसर्ग नसेल तर डॉक्टरांना सांगून आठवडाभर जुनी गोळी देऊन बघता येतं. तिने सुधारलं तर दोष त्या कंपनीच्या गोळीचा असू शकतो, दुसऱ्या कंपनीची घ्या. जुनीनेही सुधारलं नाही तर दोष गोळीचा नाही.

एकदा कंपनी जमली की सहा महिने तीच ठेवा. दर महिन्याला जी स्वस्त मिळेल ती, असं करू नका; मग काय बिघडलं ते शोधता येत नाही. पट्टीवर बनवणारी कंपनी आणि विकणारी कंपनी ही दोन नावं बहुधा वेगळी असतात, बारीक अक्षरांत बनवणाऱ्याचा पत्ता असतो. एकाच कारखान्यात तीन ब्रँडच्या गोळ्या बनतात, हे रोजचं आहे. वहीत बनवणाऱ्याचं नाव लिहा. अमेरिकेला माल पाठवणारी कंपनी निवडणं बरं, पण इथली पट्टी त्याच कारखान्यातून आलीय असं धरून चालू नका. बिल घ्याच, त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते, आणि तक्रार करायची वेळ आली तर अन्न व औषध प्रशासनाला तेच लागतं.

पैशांचं बोलू. ३४० ला दहा म्हणजे गोळी ३४ रुपयांना, महिना १,०२० रुपये. डॉलर ८५ रुपये धरला तर दिरांच्या तीस गोळ्या ३८ हजारांच्या पुढे जातात. ३४० पेक्षा कमीतही मिळू शकेल. फक्त पट्टी दहाची की पंधराची ते बघून गोळीमागचा भाव काढा, आणि छापील किमतीवर जाऊ नका. जेनेरिकच्या दुकानात छापील किंमत भरमसाठ असते आणि प्रत्यक्षात निम्म्यापेक्षा कमी घेतात. जनऔषधी केंद्रात जाण्याआधी ‘जनऔषधी सुगम’ या अ‍ॅपवर रासायनिक नाव घालून शोधा आणि केंद्रात फोन करून माल आहे का ते विचारा. यादीत असणं आणि फळीवर असणं यात फरक असतो. तिथेही ‘प्रोलाँग्ड रिलीज’ शब्द वाचायचा.

गोळ्या पट्टीतच राहू द्या. सात दिवसांच्या डबीत आधीच फोडून ठेवल्या तर नाशकाच्या पावसाळ्यात ओल धरतील, आणि ओल लागल्यावर ही गोळी काय करते ते वर सांगितलंच आहे.

ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर गोळी बंद करून सरळ दवाखाना गाठा. ओटीपोट ताणलंय, लघवी लागलीय आणि होत नाही, असं झालं तरीही तसंच. रात्र असली तरी सकाळपर्यंत थांबायचं नाही.

राहिला दिरांचा कुरिअर. येणाऱ्या प्रवाशाला स्वतःपुरतं औषध सामानातून आणता येतं, एका औषधाचे १०० डोसपर्यंत. कुरिअरने मागवायचं तर फॉर्म १२-ए भरून अर्ज करायचा आणि फॉर्म १२-बी वर परवाना घ्यायचा, नाहीतर पाकीट कस्टममध्ये अडकतं. ज्या औषधाची पट्टी नाशिक रोडला मिळते त्यासाठी एवढी यातायात कशाला? त्यांना काही पाठवायचंच असेल तर तिथल्या डॉक्टरांची कागदपत्रं ईमेलने पाठवू द्या: पहिल्या भेटीची नोंद, लघवीनंतर मूत्राशयात किती मिली उरली होती तो आकडा, लघवीचा अहवाल, २५ वरून ५० का केलं ते, आणि त्या वेळच्या औषधांची यादी. त्या यादीत मेटोप्रोलॉल आहे की नाही, हे तुमच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत लागेल.